तीन किलोमीटर आधी फूल बंद

आमच्या घरी गाडी आली तेव्हा बाबांना रिटायर होऊन दोनच महिने झाले होते आणि घरात नियम लावायला जागा उरली नव्हती. चौतीस वर्षं त्यांनी यवतमाळच्या एका सरकारी कचेरीत काढली. त्यांच्या सहीशिवाय तिथला कागद हलत नसे, आणि सही झाल्यावरही तो सहजासहजी हलला असं कुणी सांगत नाही. रिटायर झाल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी फ्रिजला नियम लावले, दुसऱ्यात दूधवाल्याला. दूधवाला पळाला. फ्रिजही पळाला असता, पण त्याची वायर तोकडी होती.

गाडी सेकंडहँड होती, पांढरी, डाव्या दाराला पोचा पडलेली, पण एसीवाली. मला ती चालवता यायची, आईला तीत बसायची हौस होती आणि बाबांना सायकलच्या पुढचं कुठलंच वाहन चालवता येत नव्हतं, म्हणून गाडीचे सर्वाधिकार आपोआप त्यांच्याकडे गेले. गाडीविषयीचं त्यांचं ज्ञान एकदम शुद्ध होतं. अनुभवाची भेसळ त्यात नव्हती.

आता आईचं सांगते, कारण ही गोष्ट खरी तिची आहे.

आईचं माहेर दिग्रस. लग्न झाल्यापासून पस्तीस वर्षं ती यवतमाळहून दिग्रसला एसटीनं गेली. आणि आमच्याकडची कार्यं ठरतात ती एप्रिल-मेमध्ये, जसे काही बाकीचे दहा महिने कुणी उचलून नेले आहेत. त्या दिवसांतली दुपारची एसटी म्हणजे चुलीवर ठेवलेला पत्र्याचा डबा. लहानपणी एकदा मी खिडकीच्या दांड्याला कपाळ टेकून झोपले, तर त्या दांड्याचा छाप चौथीच्या परीक्षेपर्यंत माझ्या कपाळावर होता. आई दिग्रसला उतरायची तेव्हा सकाळी इस्त्री केलेलं पातळ वाळल्या केळीच्या पानासारखं झालेलं असायचं, केसांत दारव्ह्यापासूनची धूळ, आणि घामानं ब्लाउज पाठीला असा चिकटलेला की शिंप्याला उगाच पैसे दिले असं वाटावं.

आणि मंडपाच्या तोंडाशी उभी असायची नागपूरची मामी. आईच्या थोरल्या भावाची बायको. त्यांच्याकडे एसीची गाडी माझ्या शाळेच्या दिवसांपासून होती. मामी त्या गाडीतून उतरायची ती फ्रिजमधून काढलेल्या काकडीसारखी, कोरडी आणि गार. मनानं वाईट नव्हती बिचारी. ती लगबगीनं आईजवळ यायची, आपल्या सेंटच्या वासाच्या रुमालानं आईच्या कपाळावरचा घाम चार लोकांत टिपायची आणि मायेनं विचारायची, "बसनं आलात का, बाई?"

एवढंच. या एवढ्यावर आई घरी येऊन आठ दिवस भांडी आदळायची. आमच्याकडे एकही पातेलं गोल उरलं नव्हतं ते या चार शब्दांमुळे.

त्यामुळे गाडी आली तेव्हा आईनं तिच्यातून बाजारात नेण्याचा हट्ट धरला नाही की नातेवाइकांना फोन करून सांगितलं नाही. तिला एकच हवं होतं. दिग्रसला, भर मे महिन्यात, मंडपासमोर, मामीच्या डोळ्यांदेखत, एकदा तरी कोरडं उतरायचं होतं.

पण मध्ये बाबा होते, आणि बाबा म्हणजे कूलरचा माणूस.

आमच्या जिल्ह्यात मार्च लागला की घराघरात कूलर धुऊन काढतात. बाबा तो स्वतः धुवायचे, ताट्यांत नवा वाळा स्वतः भरायचे, आणि तो पहिल्यांदा सुरू व्हायचा तेव्हा मागच्या गल्लीतली म्हैस दूध आखडून घ्यायची, इतका त्याचा आवाज. तर कूलरचा पहिला नियम इकडच्या रांगत्या लेकरालाही माहीत असतो: समोरची खिडकी चार बोटं उघडी पाहिजे. कूलर बाहेरची हवा आत लोटतो. तिला जायला वाट नसली की खोली दमट होते, आधी पापड सादळतात, मग माणसं.

पहिल्याच दिवशी मी गाडीच्या काचा वर केल्या, एसी लावला, आणि पुढच्या सीटवर बसलेल्या बाबांनी वळून, हात लांबवून, मागची डावी काच चार बोटं खाली केली.

"बाबा, एसीले काच बंद ठेवा लागते."

"अन् हवा कुठून जाईन?"

मी सांगितलं की एसी आतलीच हवा फिरवतो. बाबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जसं मी जोडपत्राशिवाय अर्ज आणला होता. आपण तिघांनी तीच ती हवा दिग्रसपर्यंत पुरवून पुरवून घ्यायची, हे त्यांना पटलं नाही. काच चार बोटं उघडी राहिली ती राहिलीच. ती आईच्या बाजूची होती. बाहेरची झळ त्या फटीतून सरळ आईच्या कानात जायची आणि दुसऱ्या कानातून निघताना थोडी गार होऊन माझ्या मानेला लागायची.

दुसऱ्या दिवशी गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसलं. बाबांनी लगेच निदान केलं की एसीची टाकी गळून राह्यली. बादली घेऊन त्यांनी गाडीला तीन फेऱ्या मारल्या, पाणी भरायची जागा काही सापडली नाही, म्हणून आम्ही लोहाऱ्याला गेलो. तिथं एमआयडीसीच्या कडेला एका शेडमध्ये एक मेकॅनिक आहे. हात काळे, बोलणं कमी. त्यानं सांगितलं, एसीत पाणी भरत नसतात, ते हवेतलंच निथळून खाली पडतं. बाबांना हेही पटलं नाही, पण त्यांनी ते खिशातल्या डायरीत लिहून घेतलं. मग तो मेकॅनिक चिंधीनं हात पुसता पुसता भलाईच्या पोटी आणखी दोन गोष्टी बोलून गेला. गाडी बंद करायच्या थोडं आधी एसी बंद करत जा, नुसता पंखा चालू राहू द्या, म्हणजे आतली ओल सुकते आणि कुबट वास धरत नाही. आणि गाडी सुरू केल्यावर लगेच एसी लावू नका, आधी काचा खाली करून गरम हवा जाऊ द्या, थोडं थांबा, मग लावा.

सल्ला चांगलाच होता. फक्त त्यात "थोडं" होतं, आणि बाबांनी नोकरीभर "थोडं" लिहिलेली प्रत्येक फाईल परत पाठवली होती.

"थोडं म्हणजे किती?" त्यांनी विचारलं.

"थोडं म्हणजे थोडंच, साहेब."

"तसं नाही चालत. मिनिटात सांगा, नाही तं किलोमीटरमधी सांगा."

मेकॅनिक तोवर चाकाच्या फळीवर उताणा होऊन दुसऱ्या गाडीखाली सरकत चालला होता. बाबांनी त्याचा बूट धरून त्याला बाहेर ओढलं. हे मी वाढवून सांगत नाही, बाकीचं सांगत असेन. तो आडवा पडल्या पडल्या म्हणाला, "धरा ना मग, साहेब, दोन-तीन किलोमीटर."

बाबांनी डायरीत लिहिलं: तीन. दोन आणि तीन यांच्यात शंका असेल तर सरकार तीन धरतं.

एसीच्या बटणावर बर्फाच्या फुलाचं चित्र होतं, त्यामुळे नियमालाही फुलाचं नाव पडलं. गाडी उभी करायच्या तीन किलोमीटर आधी फूल बंद, पंखा चालू. गाडी सुरू केल्यापासून तीन किलोमीटर होईपर्यंत फूल लावायचं नाही. आता आमच्या घरापासून बाजार दोन किलोमीटर. म्हणजे बाजाराला जायचं तर फूल लावायचं बाजाराच्या एक किलोमीटर पुढे गेल्यावर, आणि बंद करायचं घराच्या एक किलोमीटर मागे असताना. मी हे गणित बाबांपुढे मांडलं. त्यांनी ते तपासलं, बरोबर आहे म्हणाले, आणि म्हणाले, म्हणूनच बाजाराले एसीची गरज नाही.

गाडी उन्हातून काढायचा विधी वेगळाच. चारही दारं उघडायची, मग तीन बंद करायची, आणि चौथं अकरा वेळा उघडझाप करायचं, म्हणजे आतली गरम हवा भात्यासारखी बाहेर पडते. ही युक्ती खरी आहे, कुणीही करून पाहावी. पण बाबा ती गल्लीत, मोठ्यानं मोजत करायचे, आणि समोरच्या ओट्यावरची मंडळी अकराला हातावर हात मारून दाद द्यायची. एकदा मी शेंगदाण्याची पुडी चुकून समोर काचेखाली विसरले. दुपारी पाहते तर दाणे खमंग भाजलेले, नुसतं मीठ लावायचं राहिलेलं. अशा गाडीत बसून आई तीन किलोमीटर फुलाची वाट पाहायची.

पहिल्याच मे महिन्यात दिग्रसला धाकट्या मामाकडे नातवाचं बारसं निघालं. आम्ही नियमाप्रमाणे निघालो. लोहारा मागं पडल्यावर फूल लागलं, दारव्ह्यापर्यंत पुढं बसलेल्या आम्हा दोघांना बरं वाटलं, मागं आईला अर्धं बरं आणि अर्धी झळ. पण ती तक्रार करत नव्हती. मांडीवर हात ठेवून सरळ बसली होती, पातळाला चुणी पडू नये म्हणून. मला आरशात दिसत होतं, ती बऱ्यापैकी कोरडी होती. मग आला "दिग्रस ३" लिहिलेला दगड.

"फूल बंद," बाबा म्हणाले.

नुसता पंखा चालू राहिला आणि त्यानं बाहेरचा मे महिना उचलून आमच्या तोंडावर टाकायला सुरुवात केली. तीन किलोमीटर म्हणजे काही फार नाही. पण गावात शिरलो तर पुढं कापसाच्या गाठींचा ट्रक अडकलेला, त्याच्यापुढं वरात, आणि वरातीपुढं नाचणारी माणसं. आई उतरली तेव्हा मी मागं वळून पाहिलं तर सीटवर तिचा पूर्ण आकार ओला उमटला होता, पदरासकट.

मामी आली. रुमाल काढला. आमची गाडी आईच्या मागं दोन हातांवर उभी होती, इंजिन अजून टिकटिकत होतं. मामीनं आईचं कपाळ टिपलं आणि विचारलं, "बसनं आलात का, बाई?"

त्या वेळी घरी येऊन आईनं भांडी आदळली नाहीत. एकही नाही. मला भीती वाटायला लागली.

माझ्या परीनं मी बाबांशी भांडून पाहिलं. गाडीसोबत आलेलं पुस्तक काढून दाखवलं, त्यात तीन किलोमीटर असं कुठं लिहिलंय ते दाखवा म्हटलं. बाबांनी पुस्तक उलटसुलट करून त्याच्यावर कुणाची सही आहे का पाहिलं आणि परत दिलं. शेवटी आईनंच मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळूच सांगितलं, "त्याइच्या नियमाले हात नको लावू. मी पाहतो." आमच्याकडे बाया करतो-पाहतो असंच म्हणतात. आई तसं म्हणाली की घरातलं काहीतरी हलणार असतं.

वर्ष गेलं. पुढच्या मे महिन्यात धाकट्या मामाच्या मुलीचं लग्न ठरलं. मुहूर्ताबिहूर्ताची भानगड आमच्यात नाही, वेळ भर दुपारची, बारा-साडेबाराची, आणि मंडप विहारासमोरच्या मैदानात. मामानं सांगून ठेवलं की नवरीला हाताला धरून स्टेजवर आत्यानं आणायचं. आत्या म्हणजे आई. आईनं त्यासाठी पांढरं रेशमी पातळ घेतलं, निळ्या काठाचं. पांढऱ्या रेशमावर घामाचा एक थेंब पडला तर तो नकाशातल्या तालुक्याएवढा दिसतो. पूर्ण पाठ भिजली तर समजा सगळा विदर्भ. आणि हा नकाशा घेऊन तिला चारशे लोकांसमोर स्टेजवर चढायचं होतं.

लग्नाच्या आधी पंधरा दिवस ती रोज मामाला फोन करायची. धाकटा मामा दिग्रसच्या बाहेर कापसाच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर आहे. मला इकडचंच ऐकू यायचं. "मे महिन्यात फाटक उघडं ठेवते का वॉचमन?" असं एकदा. "दोन डाव मोज," असं एकदा. मला वाटलं जेवणाच्या ताटांविषयी चाललंय.

लग्नाच्या आदल्या दिवशी जेवताना आई बाबांना सहज म्हणाली, की मंडपापाशी गर्दी लय होणार म्हणते, आपल्या गाडीची सोय भावानं जिनिंगच्या आवारात केली हाय. बाबांना सोय केलेली आवडते. चांगलं केलं, म्हणाले.

"मंडपाच्या पुढं हाय ते," आई भाजी वाढत म्हणाली. "पुसदच्या बाजूले. तीन किलोमीटर."

बाबांचा घास हातातच राहिला. ते वर पाहू लागले, जसे ते नोकरीत असताना नियमाचं कलम आठवायला पाहायचे.

"मंग फूल मंडपापाशी आल्यावर बंद करा लागन," ते म्हणाले. "त्याच्या आधी नाही."

"तुम्ही म्हणान तसं," आई म्हणाली.

सकाळी निघताना तिनं आणखी एक सांगितलं: अलीकडे मागं बसलं की गरगरते. पांढऱ्या पातळावर उलटीची जोखीम घ्यायला बाबा तयार नव्हते. ते आपण होऊन मागं गेले, डावीकडे, आणि आपल्याच हातानं काच चार बोटं खाली केली.

लोहारा गेलं, फूल लागलं. मी समोरच्या एसीच्या जाळ्या एकेक करून आईकडे वळवल्या. मागं बाबांच्या कानाशी झळ शिट्टी वाजवत होती. दारव्हा येईपर्यंत त्यांचा भांग डावीकडचा उजवीकडे गेला. त्यांच्या हातातल्या पेपरची पानं पापडासारखी कडक झाली होती, बातम्या वाचायच्या तर मोडून वाचाव्या लागत. पण ते काच वर करेनात. नियम त्यांचाच होता.

आणि आईनं दारव्हा सोडल्यापासून एक विचित्र गोष्ट सुरू केली. दोन्ही तळहात तिनं जाळीसमोर धरले, शेकोटीला धरतात तसे. मी विचारलं, काय झालं, हात दुखून राह्यले का? नाही म्हणाली. डोळे मिटून ती तशीच बसून राहिली, ती दिग्रसपर्यंत.

"दिग्रस ३" चा दगड गेला. मागून सवयीनं "फू" इतकं ऐकू आलं आणि थांबलं.

मैदानापाशी पोचलो. मंडप डाव्या हाताला, बाबांच्या बाजूला. आणि उजव्या हाताला, कडूलिंबांच्या रांगेखाली, गार सावलीत, नागपूर-अमरावतीपासून आलेल्या वीस-पंचवीस गाड्या ओळीनं लावलेल्या. जागा अजून तेवढीच शिल्लक होती. मी त्या गाड्यांकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

"समोर पाहून चालव," आई म्हणाली.

तिनं स्वतःच्या बोटानं फूल बंद केलं, दार उघडलं आणि उतरली. पातळाला एक चुणी नव्हती. मामी मंडपातून लगबगीनं येताना दिसली, रुमाल हातात तयार होता. मला आरशात शेवटी दिसलं ते एवढंच, की तो रुमाल आईच्या कपाळापासून वीतभर अंतरावर थांबला आणि तिथंच राहिला.

पुढं काय झालं ते मला नंतर सात जणींनी सात तऱ्हांनी सांगितलं. मी त्यातलं सगळ्यात मोठं सांगते. रुमालाचं काय करावं ते न सुचून मामीनं आईचा हात हातात घेतला आणि दचकली. मग तिनं दुसरा हात धरून पाहिला. "तुमचे हात..." एवढंच म्हणाली. शेजारच्या बाईनं हात लावला, मग तिच्या शेजारच्या. भर मेच्या दुपारी, मंडपात कूलर नुसते गरम पाण्याची वाफ फेकत असताना, तिथं एक गार हात आला आहे ही बातमी जेवणाच्या पंगतीपर्यंत गेली. बायांची रांग लागली. एका आजीबाईनं आईचे तळवे आपल्या डोळ्यांवर ठेवून घेतले आणि द्यायलाच तयार होईना. एका लेकराच्या पाठीवरून आईनं हात फिरवला तर त्याच्या घामोळ्या जागच्या जागी बसल्या. स्टेजवरचे गुलाबाचे हार आईच्या बाजूनं पुन्हा ताठ झाले म्हणतात.

मामीनं विचारलं, गाडी दिसत नाही तुमची?

"लावाले गेली," आई म्हणाली.

आणि नवरीला स्टेजवर नेताना, लाइटखाली, भरजरी पातळात त्या पोरीचा जीव कासावीस झाला होता. तिनं आईचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. "आत्या, सोडू नको," म्हणाली. हे मात्र सातही जणींनी सारखंच सांगितलं.

इकडे बाबा आणि मी पंखा चालू ठेवून तीन किलोमीटर चाललो होतो. जिनिंगचं पुढचं फाटक बंद होतं, आम्हाला वळसा घालून मागच्यानं जायचं होतं. आत शंभर ट्रक मावतील एवढं आवार, हंगाम संपलेला, तारांना अडकलेले कापसाचे पुंजके आणि काट्याच्या सावलीत झोपलेलं एक कुत्रं. गाडी एकही नाही. मी मधोमध गाडी उभी केली.

बाबांनी चहूकडे पाहिलं. "आपण सगळ्यात आधी आलो वाट्टे," ते म्हणाले.

फाटकाशी एक ऑटो उभा होता. ताईनं सांगून ठेवलंय, ऑटोवाला म्हणाला, साहेबाले ऊन लागू देऊ नको. ऑटोत बसून आम्ही परत निघालो. मैदानापाशी बाबांनी मान बाहेर काढली आणि त्यांना लिंबाखालच्या गाड्या दिसल्या. त्यांनी त्या मोजल्या. ओठ हलत होते, मला दिसलं. मग त्यांनी मान आत घेतली आणि मंडप येईपर्यंत ड्रायव्हरच्या सीटमागचं फाटकं रेक्झिन पाहत बसले.

मंडपात शिरताना त्यांच्या सदऱ्यातून पाणी निथळत होतं. मामी तिथंच होती, रुमाल अजून तिच्या हातातच होता आणि त्याला काही काम मिळालं नव्हतं. तिनं मायेनं बाबांच्या कपाळावरचा घाम टिपला.

"बसनं आलात का, जावईबापू?"

"नाही," बाबा म्हणाले. "ऑटोनं."

आई स्टेजवरून उतरून आली. कोरडी. तिनं बाबांना पाण्याचा ग्लास दिला आणि विचारलं, गाडी नीट लागली का? लागली, ते म्हणाले, जागा ऐसपैस आहे. मला वाटलं आता काहीतरी होणार. चारशे लोकांसमोर माझे बाबा पहिल्यांदा आवाज चढवणार, या धास्तीनं मी मठ्ठ्याचे तीन ग्लास प्याले. काही झालं नाही. जेवायला बसलो, तेव्हा वरणभात कालवता कालवता ते खालच्या आवाजात म्हणाले, "मी मीटर पाह्यला. तीन बरोबर भरलं. शंभर मीटरचा फरक नाही. कसं केलं?"

"भावाले मोटरसायकलवर पाठवलं," आई म्हणाली. "पुढच्या फाटकानं अडीचच भरे. म्हणून मागचं उघडाले लावलं."

बाबा बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. कचेरीत एखादा बिनचूक कागद आला की तो घेऊन ते असेच बसून राहायचे, असं त्यांचे शिपाई सांगायचे. मग त्यांनी आपल्या पानातली जिलेबी उचलून तिच्या पानात ठेवली.

संध्याकाळी मी ऑटोनं जाऊन गाडी आणली. जिनिंगपासून मंडपापर्यंत तीन किलोमीटर झालेच होते, त्यामुळे आई बसली आणि फूल लागलं. हेही तिनं आधीच धरलं होतं की आपोआप जमलं, मी विचारलं नाही. बाबा न सांगता मागं बसले.

लोहाऱ्याच्या अलीकडे, घर तीन किलोमीटर राहिलं तेव्हा, आईचं बोट आपसूक बटणाकडे गेलं. जिंकलेल्या माणसानं जरा मोठं मन दाखवावं, तसं.

"राहू दे," मागून आवाज आला.

आईनं बोट तिथंच थांबवलं.

"तुले दारात उतरवू," बाबा म्हणाले. "मंग मी अन् पोरगी जातो पुढं."

तेव्हापासून आमच्याकडे तेच चालतं. आई दारात उतरते, गार आणि कोरडी, कुलूप उघडते आणि आत जाऊन चहा ठेवते. बाबा मागून उतरून पुढं येऊन बसतात आणि आम्ही दोघं फूल बंद करून दीड किलोमीटर जातो नि दीड परत येतो. समोरच्या ओट्यावरची मंडळी विचारते, काहून हो, घर विसरले का? बाबा म्हणतात, गाडी सुकवून राह्यलो.

मध्यंतरी सर्व्हिसिंगला गेले होते तेव्हा मी मेकॅनिकला त्या किलोमीटरांचं विचारलं. तो म्हणाला, दोन मिनिटं लय झाली, अन् कधी नाही जमलं तरी गाडी मरत नाही. मग म्हणाला, तुमच्या आईलेही मी हेच सांगितलं होतं, मागच्या साली, बारशाहून आल्यावर.

घरी येऊन मी हे बोलले नाही. तिनंही वर्षभर कुठं सांगितलं होतं?

काल पुन्हा गेलो होतो. आई उतरली, बाबा पुढं आले. बसल्या बसल्या त्यांनी वळून हात लांबवला आणि मागची काच पूर्ण वर केली. मी म्हटलं, बाबा, आता तरी उघडी राहू द्या, जीव जाऊन राह्यला. "आता कायले?" ते म्हणाले. "कूलर तं बंद हाय." आणि त्यांनी डायरी उघडून मीटरवर नजर लावली.